खोडरबर आणि भागूजीचं राज्य

एकतीस वर्षं मी एका सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल होतो, आणि या एकतीस वर्षांत माझ्या हातात सगळ्यांत जास्त वेळ राहिलेली वस्तू म्हणजे खोडरबर. लोकांना वाटतं, ग्रंथपाल दिवसभर पुस्तकं वाचतो आणि मधूनमधून 'शांतता राखा' म्हणतो. आमच्याकडे ते म्हणायची वेळ फारशी आलीच नाही. रोज येणारे वाचक मोजून सहा, आणि त्यांतले दोन तोंडावर पेपर घेऊन झोपायला येत.

आमचं गाव घोडनदीच्या काठचं. वाचनालय चावडीच्या माडीवर, पुढं पायऱ्या, मागं पश्चिमेची एक मोठी खिडकी. नवं पुस्तक आलं की त्याला दाखल अंक द्यायचा, पहिल्या पानावर शिक्का मारायचा, आणि दुसरा शिक्का एका ठरलेल्या गुप्त पानावर. आमचं गुप्त पान सतरावं. पहिलं पान फाडून कुणी पुस्तक ढापलं, तरी सतराव्या पानावर चोर सापडतो. मग कव्हर, वर्गवारी, वाळवी, डांबरगोळ्या, शिवण सुटली की बांधणी. यात वाचन कुठं बसतं, हे मला नोकरी लागल्यावर तीन वर्षं कळलं नव्हतं.

वाचक मात्र पुस्तकांपेक्षा वाचनीय. आमच्या आळीतल्या एक काकू दर आठवड्याला दोन कादंबऱ्या न्यायच्या आणि भाकरी थापता थापता वाचायच्या. परत आलेलं पुस्तक मी झटकून बघायचो. ज्या पानांतून पीठ जास्त पडायचं ते प्रकरण रंगलेलं, असा माझा हिशेब होता आणि तो कधी चुकला नाही. दुसरे एक पेन्शनर सुभेदार. रहस्यकथांच्या चौथ्या पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवणारा माणूस मी दोन वर्षं शोधत होतो, तो म्हणजे हेच. विचारलं, तर म्हणाले की पुढच्या माणसाचा वेळ वाचतो.

तर खोडरबर असल्या लिखाणासाठी. दरवर्षी वाचनालयाची तपासणी व्हायची. आमचा दर्जा 'ब' होता, आणि तो टिकवायचा म्हणजे माझ्या इभ्रतीचा प्रश्न. तपासणीचे साहेब कपाटातलं कुठलंही पुस्तक मध्येच उघडायचे, आणि आत पेन्सिलीचं लिखाण दिसलं की चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे. म्हणून तपासणीच्या आधी पंधरा दिवस मी कपाटामागून कपाट घेऊन खोडत बसायचो. फोन नंबर, लग्नाच्या पंगतीचा अंदाज, 'वा!', 'थापा', एका पोथीत तर पाव्हण्यांच्या गाडीचा नंबर. मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो की खोडलेली प्रत्येक ओळ मी आधी वाचतो. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

भागूजी वाचनालयात पहिल्यांदा आला तो बाजाराच्या दिवशी. भीमाशंकरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात त्याची वाडी. भात, नाचणी, वरई पिकवणारं घर. सातवी शिकलेला, उंच, हडकुळा, आणि कानावर सुताराची चपटी पेन्सिल, कारण औतं तोच दुरुस्त करायचा. चपला पायरीवर काढून आत आला आणि उभ्यानंच म्हणाला, "भाऊ, सरकार म्हंजी काय, त्याचं पुस्तक हाय का?"

मी शाळेचं नागरिकशास्त्र दिलं. पुढच्या बाजारी त्यानं ते परत आणलं.

"ह्यात सरकार काय करतं ते हाय. कशापायी हाय, ते न्हाई."

प्रश्नाचं मूळ हळूहळू कळलं. त्याच्या वरईत रानडुकरं शिरली होती. त्यानं वनखात्याच्या माणसाला गाठलं, तर तो म्हणाला, डुकराला हात लावायचा नाही, डुक्कर सरकारचं आहे. भागूजीनं त्याला विचारलं की डुक्कर सरकारचं, मग वरई कुणाची? तो माणूस काठी आपटत पुढच्या वाडीला निघून गेला. भागूजीला त्याचं उत्तर कुठंतरी छापलेलं असेल असं वाटलं, म्हणून तो बारा कोस खाली माझ्याकडे आला.

आमच्या चौथ्या कपाटात राज्यशास्त्राची तीन जाड पुस्तकं होती. परदेशी तत्त्वज्ञांची, मराठीत आणलेली. सरकारी निवडीच्या गठ्ठ्यात आली आणि आल्यापासून कुणी नेली नव्हती. मी ती थट्टेनंच त्याच्यापुढं ठेवली. भागूजीनं ती चार वर्षं आलटूनपालटून नेली. तत्त्वज्ञांची नावं त्याच्या जिभेवर बसेनात, तेव्हा त्यानं त्यांना आपली नावं ठेवली. माणसं एकमेकांना भितात म्हणून सगळ्यांनी आपलं बळ एकाच्या हाती द्यावं, असं म्हणणारा तो 'भ्यावाला'. राज्य म्हणजे लोकांनी आपसांत केलेला करार, असं म्हणणारा 'करारवाला'. आणि राज्य हे एक शरीर आहे, राजा डोकं आणि कष्टकरी पाय, असं म्हणणारा 'अंगवाला'. पुढं मीही त्यांना त्याच नावांनी ओळखू लागलो. खरी नावं आठवायला मला आजही पुस्तकाचं कार्ड बघावं लागतं.

आणि भागूजी पुस्तकांत लिहायचा. बारीक शेरे नव्हेत, चपट्या पेन्सिलीनं दाबून, नांगर धरल्यासारखं. अंगवाल्याच्या समासात लिहिलं होतं, 'पाय आमीच का? एक साल डोकं व्हऊन बघतो.' करारवाल्याला विचारलं होतं, 'करारावर माझ्या आज्याचा अंगठा दाखवा.' मी रागावलो, तपासणीचं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "पुस्तक बोलतंय आन् आपुन गप बसायचं? पावण्यासंगं असं वागत्यात व्हय?"

तो लिहायचा, मी खोडायचो. त्याच्या पेन्सिलीला खोडणं म्हणजे शिक्षा होती. रबर झिजायचं, कागदाला लव यायची, आणि एक शेरा घालवायला दोन कप चहा लागायचा.

त्याचं मुख्य भांडण भ्यावाल्याशी. भीती खरी आहे, हे त्याला मान्य होतं. डोंगरातल्या माणसाला रानाची भीती कुणी शिकवावी लागत नाही. पण त्याच्या डोळ्यांपुढं राज्य म्हणजे राजवाडा नव्हता, शेतातला माळा होता. चार खांब, वर फळ्या, त्यावर बसून कुणीतरी पिकाची राखण करायची. वाडीतली घरं मिळून माळा बांधतात आणि पाळीपाळीनं त्यावर बसतात. एका बाजारी तो हे सगळं मला हातवारे करून सांगत होता. तोंडावर पेपर घेऊन झोपलेले दोघंही उठून ऐकायला बसले. मीही मधे काहीबाही बोललो असेन. त्या दिवशी त्याची शेवटची एसटी चुकली आणि तो आमच्याकडे जेवला, एवढं पक्कं आठवतं.

भागूजी कविता करतो, हे मला त्याच्या तोंडून कधी कळलं नाही. तो वारल्यावर वाडीच्या शाळेतल्या गुरुजींनी त्याच्या वह्या गोळा करून एक लहान संग्रह छापला. त्यात माळ्यावरची एक मोठी कविता आहे. रान, डुकरं, भिणारी माणसं, आणि मग:

'रान मोठं, भ्या मोठं, एकट्याचं चालंना काही
उंच बसवा एक कुणी, त्याच्याबिगर राखण नाही'

इथं कविता थांबते. वहीची पुढची पानं कोरी.

मी निवृत्त झालो, तरी वाचनालयाची एक किल्ली माझ्याकडेच राहिली, कारण ती कुणी मागितली नाही. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी निमगाव सावा या गावची एक मुलगी घरी आली. नाव स्नेहल. टोमॅटो आणि कांद्याच्या घरातली, वडील शेती करतात, ही पुण्यात पीएचडी करत होती. विषय भागूजी. त्याची राज्याची कल्पना आणि त्या कल्पनेवरचे तत्त्वज्ञांचे प्रभाव. मला आधी हसूच आलं, आणि मग डोळ्यांत पाणी. आमच्या चौथ्या कपाटाची कुणीतरी दखल घेतली होती.

पण स्नेहल अडचणीत होती. तिच्या मार्गदर्शकांचं म्हणणं असं की कविता जशी छापली आहे तशी घ्यायची, आणि तशी घेतली तर भागूजी सरळसरळ भ्यावाल्याचा चेला ठरतो. भ्या आहे, एकाला उंच बसवा, विषय संपला. त्यात आणखी एक गंमत झाली होती. फाट्यावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. हात जोडलेला फोटो, आणि खाली भागूजीची ओळ, 'उंच बसवा एक कुणी'. ज्या माणसानं सरकारी डुकरापासून राज्याचा विचार सुरू केला, तो फ्लेक्सवर पुढाऱ्याचा भाट झाला होता.

"काका, मला मनातून खात्री आहे की हे त्याचं शेवटचं म्हणणं नाही," स्नेहल म्हणाली. "पण सर म्हणतात, पुरावा दे, नाहीतर प्रकरण काढून टाक."

मी म्हणालो, पुरावा आहे. आणि मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं. भ्यावाल्याच्या पुस्तकात, जिथं तो सगळं बळ एकाच्या हाती देतो त्या पानाच्या समासात, भागूजीनं लिहिलं होतं की माळ्याला शिडी ठेवा. वर बसलेल्याला खाली उतरवता आलं पाहिजे. हे वाक्य मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. सत्कारात सांगितलं, ग्रंथालय सप्ताहात सांगितलं, एका लग्नात जेवताना तहसीलदारांना सांगितलं. स्नेहलचा चेहरा उजळला. तिनं विचारलं, ते पान बघता येईल का?

तेव्हा मला सांगावं लागलं की ते मी खोडलं.

तिनं माझी आठवण लिहून घेतली, आणि पंधरा दिवसांनी फोन करून कळवलं की सर म्हणतात, ग्रंथपालांची आठवण हा पुरावा नव्हे. दिवाळीपर्यंत काही मिळालं नाही, तर ते प्रकरण जाणार आणि भागूजी चेला म्हणून राहणार.

आता जे सांगतो ते सांगायला मला जड जातं. मी बाजारातून सुताराची चपटी पेन्सिल आणली. भागूजीचं अक्षर मला माझ्या अक्षराइतकं ठाऊक होतं. आयुष्यभर जे खोडलं, ते एकदा परत लिहायचं, त्यात कुणाचं काय बिघडतं? खोटं तर काही लिहिणार नव्हतो. लिहिलेलं होतंच, मीच पुसलं होतं, मीच परत ठेवणार. माणूस स्वतःला समजावू लागला की फार हुशार होतो.

एका उतरत्या दुपारी मी किल्ली घेऊन वाचनालयात गेलो. त्या दिवशी सुट्टी होती. चौथं कपाट उघडलं, भ्यावाला काढला, पश्चिमेच्या खिडकीपाशी बसलो. पान सापडलं. समास कोरा, थोडी लव आलेली. अक्षरं नेमकी पूर्वीच्याच जागी पडावीत, म्हणून जुनी जागा दिसते का ते बघायला मी पुस्तक आडवं करून डोळ्यांपाशी धरलं. ऊन पानावरून सपाट सरकलं, आणि अक्षरं उभी राहिली.

शिसं गेलं होतं, पण दाब गेला नव्हता. ज्या पेन्सिलीला मी चार वर्षं शिव्या घातल्या, तिनं कागदात चर पाडून ठेवले होते. उन्हात प्रत्येक चराची एक कड चमकत होती, दुसरी काळी दिसत होती. मी चष्मा पुसला आणि वाचू लागलो.

'भाऊ म्हनत्यात शिडी ठेवा. शिडी वरचा वढून घेतो. सुगी झाली का माळाच मोडावा. फुडच्या साली नवा बांधावा. जुनं लाकूड चुलीला.'

मी ते चार वेळा वाचलं. ऊन सरकलं की पुस्तक सरकवायचो आणि परत वाचायचो. भाऊ म्हणजे मी. शिडी माझी होती. त्या बाजारच्या दिवशी काहीबाही बोललो म्हणतो ना, ते काहीबाही म्हणजे शिडी. भागूजीनं ते ऐकून घेतलं, आमच्याकडे जेवला, वाडीला गेला, आणि पुस्तकात माझी चूक दाखवून दिली. पुढच्या तपासणीच्या आधी मी 'भाऊ म्हनत्यात शिडी ठेवा' एवढं वाचून खूश झालो असणार आणि रबर फिरवलं असणार. पुढचं वाचलंच नाही. आणि नंतरच्या वर्षांत त्यातला भाऊ माझ्या आठवणीतून गळून पडला, शिडी भागूजीची झाली, आणि मी माझंच वाक्य त्याच्या नावावर सत्कारांतून सांगत फिरलो.

लाज वाटली. एकतीस वर्षं ज्याचा तोरा मिरवला, ते 'वाचून खोडतो' खोटं होतं. आणि हातात ती पेन्सिल होती. थोडं ढगाळ असतं, तर भागूजीच्या अक्षरात मी माझंच मत त्याच्या पुस्तकात कोरून बसलो असतो, आणि एका पोरीनं त्यावर पदवी घेतली असती.

मी स्नेहलला फोन केला. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या गाडीनं आली. तिला उन्हाची वाट बघायची गरज पडली नाही. मोबाइलचा टॉर्च पानाला चिकटवून आडवा धरला, तर अक्षरं आणखी स्वच्छ दिसली. तिनं फोटो काढले. मग आम्ही तिन्ही पुस्तकं पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासली. पाय, अंगठा, सगळं होतं. मी खोडलेलं काहीच गेलं नव्हतं. ती एकेक ओळ वाचायची, हसायची आणि लिहून घ्यायची. तिला इतकं आनंदात बघून मला बरं वाटलं, पण पेन्सिलीची गोष्ट पोटात ठेवून बरं वाटणं काही खरं नव्हे. संध्याकाळी तिला एसटीवर सोडायला गेलो, तेव्हा सांगून टाकली. पेन्सिल काढून तिच्या हातात दिली.

तिनं पेन्सिल बोटांत फिरवून बघितली. गाडी लागली तेव्हा म्हणाली, "काका, तुमी लिहिलं असतं ना, तर मी डोळे झाकून इश्वास ठेवला असता." एवढा वेळ पुण्याची भाषा बोलणारी पोर त्या एका वाक्यात निमगावची झाली, त्यावरून तिला ते किती लागलं ते मला समजलं. पेन्सिल तिनं परत दिली नाही.

प्रकरण राहिलं. मार्गदर्शक सर स्वतः येऊन पुस्तकं बघून गेले. कोरी पानं होती तिथं कविता कुठल्या दिशेनं चालली होती, ते आता स्नेहलनं मांडलं आहे. भीतीतून माळा, माळ्यावर एक माणूस, आणि सुगीनंतर माळ्याचं सरपण. भ्यावाला अर्ध्या वाटेपर्यंत बरोबर, पुढं भागूजी एकटा. प्रभावांच्या यादीत तिनं चार नावं दिली आहेत. तीन परदेशी तत्त्वज्ञ, आणि चौथे 'भाऊ, ग्रंथपाल'. मी म्हणालो, माझं नाव काढ, मी तर चूक निघालो. ती म्हणाली, "बाकीचे तिघंही चूकच निघालेत की, काका."

गेल्या उन्हाळ्यात तिची तोंडी परीक्षा झाली. ती सर्वांना खुली असते, म्हणून मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो आणि शेवटच्या रांगेत बसलो. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, बारीक आवाजाचे. त्यांनी बरंच विचारलं, तिनं सगळ्याला ठणठणीत उत्तरं दिली. शेवटी त्यांनी चौथ्या नावावर बोट ठेवलं आणि हे भाऊ कोण, असं विचारलं. स्नेहलनं माझ्याकडे हात केला. मी उभा राहिलो.

परीक्षक चष्म्यावरून बघत होते, अगदी तपासणीच्या साहेबांसारखे. म्हणाले, "काय हो, तुम्ही अजून शिडीच्याच मताचे आहात का?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "भागूजीनं मला उत्तर लिहून ठेवलं होतं. मी ते आधी खोडलं आणि बावीस वर्षांनी वाचलं."